धागा: छोट्या धंद्यानं दानाचे पैसे कुठं आणि कसे द्यावे? (नागपूर)

फरसाणवाला_धरमपेठ
नमस्कार मंडळी. भागीदारी फर्म आहे. फरसाण-मिठाईची दोन दुकानं, भट्टी हिंगणा रोडला, कामगार ११. भागीदारांचा पगार आणि व्याज जाऊन वर्षाचा नफा ९ लाखांच्या आसपास. सध्या गणपती, देवी, रामनवमी, भंडारा, स्मरणिका, शाळांचं गॅदरिंग, जो दारात येईल त्याला ५०१, ११००, २१०० देणं चालतं. वर्षाअखेरीस बेरीज ६० हजारांच्या घरात जाते. तेवढेच पैसे आता एका-दोन ठिकाणी नीट द्यायचे आहेत. ठिकाण कसं निवडायचं, संस्था खरी कशी ओळखायची, करात काय मिळतं, आणि संध्याकाळी उरलेल्या मालाचं काय करायचं? 'मनापासून द्या' हे सोडून काहीही सांगा.

बर्डी_ते_बुटीबोरी
भाऊ, आधी वर्गणीले दान म्हणणं बंद करा. वर्गणी म्हणजे मोहल्ल्यात दुकान चालवायचा खर्च हाय. ६० हजारातले १५ हजार तिकडे बाजूले काढा, कोणत्या मंडळाले किती ते जुलैतच कागदावर लिहा, अन् गल्ल्यावरच्या पोऱ्याजवळ तो कागद देऊन द्या. नाही तर जो मोठ्यानं बोलते त्यालेच जास्त भेटते.

वहीखाते
वरच्या भाऊंचं म्हणणं हिशेबालाही लागू आहे. दुकानातून जाणाऱ्या अशा पैशाचे तीन प्रकार पडतात आणि तिन्हींचा कर वेगळा.

पहिला प्रकार, देणगी. हा धंद्याचा खर्च धरला जात नाही. नफा-तोटा पत्रकात टाकली तरी आयकरासाठी ती रक्कम नफ्यात परत मिळवावी लागते आणि मग ८०जी (आयकर कायद्यातलं देणगीच्या वजावटीचं कलम) खाली जी काय वजावट असेल ती मिळते. (आकडे २०२५-२६ या वर्षाचे धरा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदलले. बाजारात अजून ८०जीच चालतं, म्हणून मीही तेच लिहितो.) बहुतेक स्थानिक संस्थांना दिलेल्या रकमेच्या ५० टक्के वजावट मिळते, तीही समायोजित एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. तुमची मर्यादा साधारण ९० हजार. ४५ हजार दिले तर २२,५०० वजा होतील. फर्मला कर ३० टक्के, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्क्यांनी वाचले ७,०२० रुपये. एवढंच. 'अर्धे पैसे परत येतात' असं कुणी सांगितलं तर त्याला हे गणित दाखवा.

दुसरा, जाहिरात. स्मरणिकेत पान, मंडपावर फलक. हा धंद्याचा पूर्ण खर्च, पण पावतीवर 'वर्गणी' लिहिलेलं चालत नाही. 'जाहिरात' लिहिलेलं बिल आणि छापलेल्या पानाची प्रत किंवा फलकाचा फोटो लागतो. राजकीय पक्षाच्या स्मरणिकेतली जाहिरात खर्चात धरत नाहीत. आणखी एक गोष्ट फर्मवाल्यांच्या लक्षात राहत नाही. कार्यक्रमाचं प्रायोजकत्व घेतलं आणि कार्यक्रम करणारं मंडळ किंवा ट्रस्ट असेल, तर त्यावरचा १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जनं, म्हणजे त्यांच्याऐवजी, फर्मनंच भरायचा असतो. म्हणून 'प्रायोजक' हा शब्द मिरवण्याआधी सीएला विचारा.

तिसरा, वस्तू. ८०जी फक्त पैशावर मिळतं. ब्लँकेट, वह्या, फरसाण यांवर नाही. शिवाय फुकट दिलेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे परत करावं लागतं. कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांची ठोक दराची जीएसटी योजना) असाल तर क्रेडिट मुळातच नाही, तो प्रश्न मिटला.

चुका होतात त्या किरकोळ जागी. भागीदार स्वतःच्या फोनवरून पैसे पाठवतो, पावती त्याच्या पॅनवर निघते आणि फर्मला काही मिळत नाही. पैसे फर्मच्या खात्यातून, पावती फर्मच्या नावानं, पॅन फर्मचा. २,००० च्या वर रोख दिली तर वजावट शून्य. आणि छापील पावतीवर थांबू नका. संस्थेनं ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे १०बीडी विवरण भरून तुम्हाला १०बीई प्रमाणपत्र द्यायचं असतं. त्यावरचा क्रमांक विवरणपत्रात टाकावा लागतो.

खामला_स्टेशनरी
फर्म नाही, एकल मालकी आहे आणि नवी करप्रणाली. मग?

वहीखाते
मग ८०जी नाही. त्यासाठी जुन्या प्रणालीत जाऊ नका. धंद्याचं उत्पन्न असणाऱ्याला जुनीत जाऊन पुन्हा नवीत येणं एकदाच जमतं, नंतर तो दरवाजा बंद. प्रायव्हेट लिमिटेडनं २२ टक्क्यांचा दर घेतला असेल तर तिलाही ८०जी मिळत नाही. सीएसआरची (कंपन्यांच्या सामाजिक खर्चाची) सक्ती तर ५०० कोटी नक्त मालमत्ता, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी नफा यांतलं एक गाठलं तरच. हिंगणा एमआयडीसीतल्या छोट्या कंपन्या उगाच सीएसआर सीएसआर करतात. त्यांना एवढंच बघायचं, की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ५ टक्क्यांपर्यंत देणगी संचालक मंडळ ठरवू शकतं, त्याच्या वर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते.

न्यास_हिशेब
संस्था कशी तपासायची ते मी सांगतो. हे कागद मागायला संकोच करू नका. चांगल्या संस्थेकडे ते एका फाइलमध्ये तयारच असतात.

न्यास नोंदणी प्रमाणपत्र, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालचं. त्यावरचा क्रमांक आणि नागपूर जिल्हा बघा. मग सध्याच्या विश्वस्तांची यादी. इथेच गोम असते. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अहवाल दाखल करावा लागतो आणि तो मंजूर व्हावा लागतो. कित्येक जुन्या संस्थांत दोन गट भांडत असतात, अहवाल धर्मादाय कार्यालयात वर्षानुवर्षं पडून राहतो, आणि बँक खात्यावर सही कुणाची यावर वाद. संस्थेचं काम कितीही चांगलं असलं तरी अशा काळात पैसे अडकतात. त्यांना वस्तू द्या, चेक थांबवा.

त्यानंतर मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, अनुसूची आठ आणि नऊ. आठ म्हणजे ताळेबंद, नऊ म्हणजे उत्पन्न-खर्च. तीनच आकडे वाचा. 'ट्रस्टच्या उद्देशांवरील खर्च' एकूण खर्चात किती, शिल्लक ठेवी किती, आणि विश्वस्तांना किंवा त्यांच्या नातेवाइकांना दिलेली उचल आहे का. पगाराचा खर्च जास्त दिसला म्हणून नाक मुरडू नका. मतिमंद मुलांच्या शाळेचा किंवा फिरत्या दवाखान्याचा मुख्य खर्च पगारच असणार. ठेवी मात्र वर्षाच्या खर्चाच्या चौपट असतील तर तुमच्या ४५ हजारांची त्यांना गरज नाही.

८०जीची नोंदणी कालबाह्य तर नाही ना हे आदेशावरच्या वर्षांवरून कळतं. नव्या संस्थेला तात्पुरती तीन वर्षांची मिळते, नंतर पाच-पाच वर्षांची. आयकर पोर्टलवरही शोधता येतं. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक असला तर चांगलंच, पण ती नोंदणी म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे.

शेवटी बँक खातं. क्यूआर स्कॅन केल्यावर फोनवर संस्थेचं नाव यायला हवं. अध्यक्षांचं नाव आलं तर तिथंच थांबा.

मोरभवन_कट्टा
एवढं सगळं ४५ हजारांसाठी? सरळ आनंदवनाला किंवा हेमलकशाला चेक पाठवून मोकळं व्हा. वरोरा काही लांब नाही, सगळं जगासमोर आहे.

सदर_सेवाभावी
त्यात चूक काहीच नाही, वेळ नसेल तर तेच करावं. पण धागा 'निवडायचं कसं' असा आहे, म्हणून माझा वेगळा हिशेब मांडते. ज्या संस्थेचा वर्षाचा खर्च कोटींत आहे तिथे तुमची रक्कम जमा होते, पावती येते, विषय संपतो. ज्या संस्थेचा खर्च ५-६ लाख आहे तिथे ४५ हजार म्हणजे एका महिन्याचा खर्च. ती संस्था तुमच्या भरवशावर रिक्षाचं भाडं किंवा अर्धवेळ शिक्षिका ठरवू शकते. फक्त मग एक वर्ष देऊन गायब व्हायचं नाही. शिक्षिका ठेवली आणि पुढच्या जूनमध्ये पैसे आले नाहीत तर तिला काढावं लागतं. त्यापेक्षा सुरुवातीलाच कमी देणं परवडलं.

निवडताना मी चार गोष्टी बघायला सांगेन. दुकानातून अर्ध्या तासात, न कळवता जाता येतं का? तुमच्या कामगारांच्या घरांशी त्या कामाचा संबंध आहे का? (कामगारांना विचारा. ११ माणसांत सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), पोरांची फी, दारू, यांतलं काही ना काही निघतंच, आणि त्यातून निवडलेलं काम मालक बदलला तरी टिकतं.) तुमच्याकडे पैशाखेरीज त्यांना लागणारं काही आहे का? डिलिव्हरीची गाडी दुपारी २ ते ४ रिकामी उभी असते, फ्रीजरमध्ये जागा असते, हिशेब ठेवणारा माणूस असतो. आणि चौथी, हे काम सरकारचं असून अडलं आहे, की सरकार करतच नाही? पहिल्या प्रकारात पैसे देण्याआधी त्या खात्याच्या माणसाला भेटा.

'मेडिकल' आणि 'मेयो' या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांचं उदाहरण घ्या. दोन्हीकडे गडचिरोली, चंद्रपूर, बालाघाट, छिंदवाड्याकडचे रुग्ण येतात, नातेवाईक बाहेर राहतात, म्हणून सगळे जेवण घेऊन जातात. पितृपक्षात आणि सणाला एकाच दारात तीन-तीन गाड्या, मधल्या मंगळवारी एकही नाही. अन्न वाया जातं आणि गरज तशीच राहते. नातेवाइकाला लागतं ते परतीचं तिकीट, बादली-चटई, रुग्णालयाच्या साठ्यात नसलेलं एखादं औषध, बाहेरची तपासणी. हे कुणाला खरंच लागतं ते वॉर्डातल्या समाजसेवा अधीक्षकांना माहीत असतं. त्यांना विचारून, औषध दुकानदाराला थेट पैसे देऊन काम करता येतं. रोख रुग्णाच्या हातात देऊ नका, बाहेरचे दलाल त्यावरच टपलेले असतात.

मोरभवन_कट्टा
ताई, समाजसेवा अधीक्षकांचं डोक्यात नव्हतं. पटलं.

भट्टी_नं_२
उरलेल्या मालाबद्दल. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे विनियम आहेत, खास उरलेल्या अन्नाचं संकलन-वितरण कसं करायचं यावर. त्यानुसार अन्न उचलणाऱ्या संस्थेचीही नोंदणी लागते. 'रात्री दोन पोरं येऊन घेऊन जातात' एवढ्यावर भागवू नका. उद्या कुणाला उलट्या झाल्या तर बोट तुमच्या डब्याकडे जाईल.

माल आधी तीन ढिगांत काढा. शेव, चिवडा, खारे शेंगदाणे, मठरी: मुदत संपायला किमान एक आठवडा असेल तर बंद पाकिटात, लेबलसह द्या. मुदतीच्या आदल्या दिवशी दिलेलं पाकीट वस्तीत पोचून खाईपर्यंत शिळंच होतं. दुसरा ढीग, त्याच दिवशी तळलेली कचोरी, समोसे, आलुबोंडे. हे दोन-तीन तासांत पोटात गेले पाहिजेत. गरम ठेवायचे तर ६० अंशांच्या वर, थंड ठेवायचे तर ५ अंशांच्या खाली. मधल्या तापमानात जंतू वाढतात, आणि मे महिन्यात नागपुरात रात्री नऊलाही बाहेरची हवा त्याच पट्ट्यात असते. कचोरीतलं बटाट्याचं किंवा ओल्या मुगाचं सारण सगळ्यात आधी दगा देतं. तिसरा ढीग, खव्याचे पेढे, रसमलाई, दही, हिरवी चटणी. हा द्यायचाच नाही. एप्रिल ते ऑगस्ट तर विचारही नको.

दोन वह्या नको, एकच पुरे: पदार्थ, वजन, बनवल्याची वेळ, दिल्याची वेळ, घेणाऱ्याची सही. उचलायची वेळ ठरलेली, समजा साडेआठ. पावणेनऊपर्यंत गाडी आली नाही तर कामगारांना वाटा. दररोज ६-७ किलो उरत असेल तर मात्र ते दान नाही, उत्पादनाचा अंदाज चुकतो आहे, तो आधी दुरुस्त करा.

आणि दीक्षाभूमीला धम्मचक्र प्रवर्तन दिनाला भोजनदानाचा स्टॉल असतोच, तर तिथे भात-भाजीपेक्षा तुमचा कोरडा माल बरा. बंद पाकीट प्रवासात टिकतं, वाटायला माणसं कमी लागतात, सांडलवंड होत नाही. १०० ग्रॅमचं पाकीट ठेवा, पाव किलोचं नको. जागेची परवानगी आधीच काढा आणि कचऱ्यासाठी स्वतःची पोती न्या.

फरसाणवाला_धरमपेठ
कामाची माहिती मिळाली. काउंटरवर एखाद्या संस्थेचा दानपेटी-डबा ठेवायचा विचार होता. आणि दिवाळीत 'प्रत्येक किलोमागे ५ रुपये अमुक संस्थेला' असा फलक.

न्यास_हिशेब
डब्यातला पैसा गिऱ्हाइकाचा आहे. त्यावर फर्मला ८०जीची पावती घेता येत नाही, घेतली तर ती चूक नाही, खोटेपणा आहे. शिवाय देणाऱ्याचं नाव नसलेल्या देणग्या संस्थेसाठीही अडचणीच्या असतात, ठरावीक मर्यादेच्या वर त्यांवर ३० टक्के कर लागतो. आणि नोंदणीकृत न्यास नसताना स्वतःच 'पूरग्रस्तांसाठी' म्हणून डबा ठेवलात तर विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१सी लागू होतं, ज्यासाठी गणेश मंडळं दरवर्षी धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढतात.

डब्याऐवजी संस्थेचा क्यूआर स्टँड ठेवा, पैसे थेट तिकडे जातील. डबाच हवा असेल तर कुलूप आणि क्रमांकाचं सील संस्थेचं, महिन्यातून एकदा दोघांसमोर उघडायचा, मोजून जागेवर पावती. बिलात आपोआप १० रुपये जोडू नका.

वहीखाते
किलोमागे ५ रुपयांचं चालेल, कारण ते तुमच्या विक्रीतून जातात आणि देणगी फर्मची ठरते. पण जीएसटी पूर्ण किमतीवर भरायचा, ५ रुपये वजा करून नाही. फलकावर लिहा: कोणती संस्था, किलोमागे किती, कोणत्या तारखेपासून कुठपर्यंत. 'नफ्याचा काही भाग' असं मोघम लिहू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात हा स्वतंत्र विषय आहे. दिवाळीनंतर त्याच जागी किती किलो विकले आणि किती रुपये दिले तो आकडा लावा.

लाल_पिशवी
रक्तदान शिबिराचं कुणी काढलं नाही अजून, म्हणून लिहितो. विदर्भात सिकलसेल आणि थॅलेसेमियाचे रुग्ण बरेच, थॅलेसेमियाच्या मुलांना तर ठरलेल्या अंतरानं रक्त लागतंच. आणि सगळे व्यापारी शिबिरं घेतात १५ ऑगस्टला, २६ जानेवारीला आणि नेत्यांच्या वाढदिवसाला. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. एकाच आठवड्यात ढीग जमतो आणि मे महिन्यात, कॉलेजं बंद, ऊन ४५ अंशांवर, तेव्हा रक्तपेढ्या रिकाम्या. म्हणून शिबिर मेमध्ये घ्या, सकाळी ७ ते १०, किंवा दिवाळीनंतरच्या आठवड्यात. तारीख रक्तपेढीला विचारून ठरवा, स्वतः ठरवून त्यांना कळवू नका.

तीन तासांत ५० ते ७० पिशव्यांसाठी ६ ते ८ टेबलं लागतात. दुकानात एवढी जागा नसते, शेजारचा हॉल बघा. कूलर पुरत नाही, एसी हवा. दाता १८ ते ६५ वयाचा, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, पुरुषाला मागच्या वेळेपासून ९० दिवस, स्त्रीला १२० दिवस झालेले. आलेल्यांतले बरेच परत पाठवावे लागतात, म्हणून ६० पिशव्या हव्या तर नावं शंभराच्या आसपास नोंदवा. सरबत-बिस्कीट द्या. पण दात्याला 'मिठाईवर २० टक्के सूट' असं कूपन देऊ नका. रक्तदान मोबदल्याशिवायच व्हायला हवं, कारण सूट मिळते म्हणून माणूस आजार लपवतो.

इतवारी_ठोक
एक बाजू राहून जाते. दान देण्याऐवजी खरेदी करा. दिवाळीचे खोके, कापडी पिशव्या, पणत्या बचत गटाकडून किंवा दिव्यांगांच्या कार्यशाळेतून घ्या. हा धंद्याचा शंभर टक्के खर्च, ८०जीचा घोळच नाही, आणि समोरच्याला पावतीऐवजी काम मिळतं.

बिघडतं ते वेळेवरून. दिवाळीच्या तीन आठवडे आधी हजार खोके मागितले की गट कुठून आणणार? जुलैअखेर नमुना, ऑगस्टमध्ये मापं पक्की (मिठाईच्या खोक्याला आतून बटर पेपर आणि किलोचं वजन पेलणारा जीएसएम, म्हणजे कागदाचा जाडपणा, लागतो, हे लिहून द्या), निम्मी रक्कम आगाऊ, पहिला २०० चा हप्ता सप्टेंबरात. बाकीची रक्कम माल मिळाल्यावर लगेच. गट उद्यमवर (सरकारच्या छोट्या उद्योगांच्या नोंदणीत) नोंदलेला उत्पादक असेल तर लेखी करार असतानाही ४५ दिवसांच्या पुढे थकवलेलं आणि ३१ मार्चपर्यंतही न दिलेलं बिल त्या वर्षाच्या खर्चात धरत नाहीत. बाजारभावापेक्षा ८-१० टक्के जास्त गेले तर तेवढीच तुमची देणगी समजा. खोका कमजोर असेल तर मात्र स्पष्ट सांगा आणि परत करा. दया म्हणून घेतलेली ऑर्डर दुसऱ्या वर्षी येत नाही.

बर्डी_ते_बुटीबोरी
अन् पाणपोई लावान तर एप्रिल ते जून पूर्ण लावा राजेहो. उद्घाटनाचा फोटो निघते, अन् तिसऱ्या आठवड्यात माठात शेवाळ. दिवसाले ५०० माणूस धरला तर सांडून-सवरून १५० लिटर लागते. माठ दररोज घासायले एक माणूस नावानं ठेवा, वरून मेडिक्लोरचे (क्लोरीनचं औषध) थेंब बाटलीवर लिहिले तसे. तुरटीनं गाळ बसते, जंतू मरत नाही. साखळीचा गिलास नको, तोटी लावा.

सदर_सेवाभावी
फोटोवरून आठवलं. बालगृहात लाडू वाटताना मुलांचे चेहरे दिसणारे फोटो इन्स्टावर टाकू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे तिथल्या मुलांची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, आणि 'संस्थेनं परवानगी दिली होती' हे उत्तर चालत नाही. महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेला द्यायचं असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांच्याकडून गरजेचं पत्र घ्या, विद्यांजली पोर्टलवर मागण्या असतात त्याही बघा. विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात, वह्यांची खरेदी मेमध्येच उरका. वह्या देणारे पुष्कळ असतात. चपला, पंख्याची दुरुस्ती, मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार, हे कुणी देत नाही.

कामगारांकडून वर्गणी घ्यायची असेल तर पगारातून परस्पर कापू नका. लेखी संमती हवी, आणि न देणाऱ्याचं नाव यादीत दिसायला नको.

फरसाणवाला_धरमपेठ
कामगारांना विचारलं. सिकलसेल पुढं आलं, तिघांच्या घरात आहे. आता त्या कामातल्या दोन संस्थांचे कागद मागवतो. एक शेवटचं विचारतो: ३१ मार्चला चेक दिला आणि एप्रिलमध्ये वटला तर वजावट कोणत्या वर्षी?

वहीखाते
चेक वटला तर दिल्याची तारीख धरतात, पण संस्था तिच्या वहीत जमा झाल्याची तारीख टाकते आणि १०बीईवर तेच वर्ष छापून येतं. मग नोटीस तुम्हाला. २० मार्चच्या आत एनईएफटी करा, शेऱ्यात फर्मचं नाव आणि 'सर्वसाधारण देणगी' लिहा. 'कॉर्पस' (कायम निधी) लिहिलंत तर ती रक्कम संस्थेला चालू खर्चासाठी वापरता येत नाही.

न्यास_हिशेब
आणि १ जूनला १०बीई आलं का हे आपणहून विचारा. संस्थेचा हिशेबनीस बहुधा अर्धवेळ असतो, पॅनचा एक अंक चुकला तर दुरुस्तीचं विवरण भरता येतं, पण तुमचं रिटर्न जाण्याआधी.